घारीचे घरटे, सोसायटीचे वेळापत्रक

मुंबईच्या उपनगरांत शिकारी पक्ष्यांविषयीची तक्रार वर्षातून एकाच हंगामात येते. थंडी सरत आली की कुठल्यातरी सोसायटीत टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायला गच्चीवर गेलेल्या वॉचमनच्या डोक्याला मागून घारीची नखे लागतात. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालणाऱ्या बाईंच्या अंगावर तीच घार येते आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीकडे अर्ज जातो: समोरच्या झाडावरचे घरटे काढून टाका. अर्ज पुढे वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात सरकतो, कोणी वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करतो, आणि बऱ्याचदा या दोघांचीही वाट न पाहता परस्पर माळी बोलावला जातो. पाऊस लागेपर्यंत तक्रार विरते. फांदी तोडली असो वा नसो, विरते. या एका गोष्टीकडे नीट पाहिले तरी प्रश्नाची निम्मी उकल होते. दर वर्षी ठरावीक आठवड्यांत सुरू होणारा आणि ठरावीक आठवड्यांत आपणहून संपणारा त्रास हा जागेच्या भांडणापेक्षा वेळेच्या भांडणातून आलेला असतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत माणूस आणि शिकारी पक्षी यांच्यात जे काही बिनसते, त्यातले बरेचसे दोघांची वेळापत्रके एकमेकांवर चढल्यामुळे बिनसते. तारखा हलवल्या तर त्यातला मोठा भाग मिटण्यासारखा आहे. एक भाग मात्र तारखांनी मिटणारा नाही. त्याकडे शेवटी येऊ.

आधी हे पक्षी कोणते ते पाहू. ‘ससाणा घुसला’, ‘गरुडाने घरटे केले’ अशा बातम्या वॉट्सअ‍ॅपवर फिरतात, पण उपनगरातल्या वस्तीत घरटे करणारे दिवाचर शिकारी पक्षी मुख्यत्वे दोन: घार आणि शिक्रा. बोरिवली-मुलुंडच्या आभाळात तुरेवाला सर्पगरुड शीळ घालत फिरताना दिसतो, पण त्याचे बिऱ्हाड सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असते, सोसायटीच्या आवारात नाही. घार मोठी, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास, तरी वजन किलोच्या आतच. तिची वीण हिवाळ्यात सुरू होते. दोन-तीन अंडी, ती उबवायला महिनाभर किंवा थोडे अधिक, आणि त्यानंतर पिल्ले उडायला सहा-सात आठवडे. शिक्रा कबुतराएवढाच. तो मार्च ते जूनच्या दरम्यान दाट झाडाच्या बेचक्यात कावळ्यासारखे काटक्यांचे घरटे करतो, तीन-चार अंडी घालतो, आणि त्याचे सारे प्रकरण सात-आठ आठवड्यांत आटोपते. घार जुन्याच घरट्याची डागडुजी करून ते पुन्हा वापरते. शिक्रा बहुधा नवे बांधतो. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

माणसांपासून दूर जंगल असताना हे पक्षी खिडकीसमोर का येतात, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यामागे पक्षी ‘वाट चुकून’ आला आहे असे गृहीत धरलेले असते, आणि ते चुकीचे आहे. घार दक्षिण आशियातल्या शहरांची जुनी रहिवासी आहे. १९०० साली ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांच्या काळी ती इथे होती, आणि दिल्लीतल्या शिकारी पक्ष्यांची प्रचंड संख्या पाहून रशियन पक्षितज्ज्ञ गालुशिन यांनी १९७१ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला होता. अलीकडे भारतीय वन्यजीव संस्था आणि ऑक्सफर्डशी संबंधित निशांत कुमार व सहकाऱ्यांनी दिल्लीच्या घारींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिथे चौरस किलोमीटरला सरासरी १५ च्या आसपास घरटी निघाली. शिकारी पक्ष्यासाठी हा आकडा अफाट म्हणावा लागेल. कारणेही त्यांनी दाखवून दिली: उघडा कचरा, मांसाचे तुकडे हवेत भिरकावून घारींना खाऊ घालण्याची प्रथा, आणि घरट्याजोगी मोठी झाडे. तिन्ही गोष्टी माणसाच्या हातच्या.

मुंबईत यातले दुसरे कारण दिल्लीएवढे ठळक नाही, पण पहिले आणि तिसरे पुरेपूर आहे. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. १९७१ मध्ये त्याच परिसरात मोठा कत्तलखाना आला. मुलुंडच्या डम्पिंगवर २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत कचरा पडत होता, गोराईचे त्याच्या दशकभर आधी बंद झाले. कचऱ्याचे डोंगर बंद झाले तरी मासळीबाजारामागची गटारे, मटणाच्या दुकानांबाहेरचे डबे आणि हाउसिंग सोसायट्यांच्या फाटकाशी ठेवलेले ओल्या कचऱ्याचे ड्रम राहिलेच. शिक्र्याचे गणित वेगळे. त्याला खारी, सरडे, उंदीर, साळुंक्या आणि चिमण्या लागतात, आणि जुन्या वसाहतींच्या आवारात त्या भरपूर असतात. उरला झाडांचा मुद्दा. घाटकोपरचे पंतनगर, मुलुंड-बोरिवलीतल्या जुन्या सहकारी सोसायट्या, म्हाडाच्या चार मजली इमारती यांच्या अंगणांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी लावलेले वर्षावृक्ष, सोनमोहर, आंबे आणि नारळ आज इमारतीच्या उंचीला आले आहेत. चार मजली इमारत बारा-चौदा मीटर उंच. घारीला घरट्यासाठी झाडाच्या वरच्या भागातली जी बेचकी आवडते, ती नेमकी तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडकीसमोर किंवा गच्चीच्या कठड्याच्या किंचित खाली येते. जमिनीवरून चालणारा माणूस घारीला खुपत नाही, तो खाली असतो. गच्चीवरचा माणूस तिच्या पिल्लांकडे वरून पाहतो, आणि पिल्लांवर वरून नजर टाकणारा प्राणी निसर्गात एकच असतो, तो म्हणजे पिल्ले उचलणारा. हल्ले बहुतेक गच्चीवर का होतात याचा उलगडा या उंचीच्या हिशोबात आहे.

शहरात या पक्ष्यांचे खरेच बरे चालले आहे का, यावर जगभरच्या अभ्यासकांत जुना वाद आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन शहरात कूपर्स हॉक हा शिक्र्याच्या कुळातला पक्षी घरांच्या आवारात घरटी करतो. १९९९ साली क्लिंट बोल आणि विल्यम मॅनन यांनी दाखवले की शहरातल्या घरट्यांत निम्म्याहून अधिक पिल्ले मरतात, आणि त्यातली बहुतेक ट्रायकोमोनास या परजीवीमुळे. तो पारवे-कबुतरांच्या घशात असतो आणि शिकारीबरोबर पिल्लांच्या तोंडात जातो. शहर म्हणजे भरपूर अन्नाचे आमिष लावलेला सापळा, असे मत त्यावरून बळावले. पण त्याच शहरात २००८ पर्यंत पुढचा हिशोब मांडल्यावर मॅनन आणि सहकाऱ्यांना दिसले की एवढी पिल्ले मरूनही पक्ष्यांची संख्या टिकून आहे, म्हणजे सापळा ठरवायला पुरावा पुरत नाही. व्हिएन्नामध्ये उलटी गंमत. तिथल्या जुन्या इमारतींच्या खोबणी खरुची या छोट्या ससाण्याला घरट्यासाठी फार सोयीच्या, पण शहराच्या मध्यभागी उंदीर कमी, त्यामुळे पिल्ले कमी जगतात, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. बर्लिनमध्ये मात्र गॉसहॉक हा एरवी जंगलात लपून राहणारा पक्षी उद्यानांत सुखाने नांदतो. या सगळ्यांतून एकच सरसकट निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. शहर चांगले की वाईट हे पक्षी काय खातो, कुठे बसतो आणि त्याच्या विणीच्या महिन्यांत माणसे काय करतात यावर ठरते. मुंबईला लागू पडणारी गोष्ट बहुधा टूसॉनची. कबुतरांना दाणे घालण्याचा अट्टहास आणि कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये पेटलेला वाद साऱ्यांना ठाऊक आहे. कबुतरे वाढवणारे शहर त्यांच्यावर येणाऱ्या शिकाऱ्यालाही बोलावते आणि त्याच्या पिल्लांना आजारही देते. त्यात उंदरांसाठी ठेवलेल्या विषाची भर पडते. रक्त गोठू न देणारी उंदीरनाशके उंदीर खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या शरीरात साठतात, हे युरोप-अमेरिकेत वारंवार सिद्ध झाले आहे, आणि सोसायटीच्या गटारात मरायला टेकलेला उंदीर हाच शिक्र्याला आणि गव्हाणी घुबडाला सर्वांत सहज मिळणारा घास असतो.

आता वेळापत्रकाकडे. पहिला खटका संक्रांतीचा. १४ जानेवारीच्या आगेमागे, घार अंड्यांवर बसलेली किंवा बसण्याच्या बेतात असताना, बोरिवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपर या पतंगवेड्या उपनगरांच्या आभाळात मांजाचे जाळे पसरते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत पक्ष्यांसाठी उपचार शिबिरे भरवावी लागतात, आणि परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात दोऱ्याने कापलेल्या घारी येतात. जखम बहुधा एकाच जागी असते: पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये ताणलेला जो पातळ कातडीचा पडदा असतो, तिथे. दोरा त्यातून आरपार जातो. हाड शाबूत, रक्तही फारसे नाही, पण पडदा फाटला की पंख ताणला जात नाही आणि पक्षी उडू शकत नाही. टाके घालावेत तर कातडी इतकी पातळ की ताणाखाली पुन्हा फाटते. एरवी अगदी किरकोळ वाटणारी ही जखम घारीला जन्मभरासाठी पिंजऱ्यात पाठवते, आणि घरट्यातली अंडी जोडीदारावर सोडते. मांजाचा दुसरा उपद्रव सणानंतरचा. झाडांत अडकलेला दोरा महिनोन्महिने तसाच राहतो, आणि घार घरट्यात चिंध्या, कागद, प्लॅस्टिक, दोरे आणून अंथरतेच. स्पेनमधल्या दोन्याना येथील घारींवर फाब्रित्सियो सेर्जिओ यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिले होते की तिथे तगड्या जोड्या घरट्यात मुद्दाम पांढरे प्लॅस्टिक मांडतात, इतर घारींना आपली ताकद कळावी म्हणून. मुंबईच्या घारी ते कशासाठी आणतात ते सोडा, पण त्या आणतात तेव्हा नायलॉनचा दोराही येतो, आणि पिल्लाच्या पायाला एकदा त्याचा वेढा बसला की पाय वाढतो, दोरा वाढत नाही.

दुसरा खटका झाडांच्या छाटणीचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोठा. पावसाळ्यात झाड किंवा फांदी पडून मुंबईत माणसे मरतात. म्हणून महापालिका एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेच्या फांद्या उतरवते आणि सोसायट्यांनाही आवारातली झाडे परवानगी घेऊन छाटून घ्यायला सांगते. के-पश्चिम असो, आर-मध्य असो की टी आणि एन वॉर्ड, मे महिन्याच्या शेवटापर्यंत हायड्रॉलिक गाडी आणि करवत घेऊन फिरणाऱ्या टोळ्या सगळीकडे दिसतात. घारीची उशिराची पिल्ले तेव्हा उडण्याच्या बेतात असतात आणि शिक्र्याच्या घरट्यात तर अंडी किंवा कोवळी पिल्ले असतात. घारीचे घरटे निदान मोठे, खालून दिसते. शिक्र्याचे घरटे गच्च पानांत दडलेले, त्यामुळे फांदी जमिनीवर आल्यावरच ते कळते. कायदा याबाबतीत मुळीच अस्पष्ट नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणे, त्यांत व्यत्यय आणणे हे अंतर्भूत आहे. म्हणजे घरट्यासह फांदी तोडणारा माळी आणि त्याला पैसे देणारी कमिटी, दोघेही कायद्याच्या भाषेत शिकार करत असतात. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ च्या सप्टेंबरात महामार्गासाठी झाड पाडताना त्यावरची पक्ष्यांची पिल्ले मेली तेव्हा याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. महाराष्ट्रातला १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा झाडाच्या जिवाची काळजी घेतो. पण झाडावर कोण राहते याची चौकशी त्याच्या परवानगीचा भाग बनवली नाही, तर एक कायदा ज्याला शिकार म्हणतो ते दुसऱ्या कायद्याच्या शिक्क्याने घडते.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: माणूस मेल्यावर पक्ष्यांच्या विणीचे कॅलेंडर घेऊन काय करायचे? उत्तर असे की छाटणी नको असे कोणी म्हणतच नाही, ती कधी करायची एवढाच प्रश्न आहे. झाडाचा तोल सुधारणारी, वाळक्या आणि रस्त्यावर झुकलेल्या मोठ्या फांद्या काढणारी खरी छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होऊ शकते. घारींची वीण तेव्हा बहुतांशी सुरू झालेली नसते आणि शिक्र्याची संपून गेलेली असते. पावसात पालवी फुटून वजन वाढते हे खरे, पण ती वाढ कोवळ्या डहाळ्यांची. माणसाच्या डोक्यावर पडून जीव घेणारी फांदी सहसा जुनी, पोकळ किंवा वाळवी लागलेली असते, आणि ती ऑक्टोबरातही ओळखता येते. मे महिन्यात मग फक्त नव्याने धोकादायक झालेल्या फांद्या उरतील. त्यांच्याखाली पंधरा मिनिटे उभे राहून, मोठे पक्षी अन्न घेऊन येतात का ते पाहून, घरटे असलेली फांदी तेवढी चार आठवड्यांसाठी सोडता येईल. ती फांदी खरोखरच पडायला झाली असेल तर कायद्यात त्यालाही वाट आहे, वन विभागाला सांगून त्यांच्या देखरेखीखाली ती उतरवता येते. अडचण खर्चाची नाही. कंत्राटे पावसाळ्याच्या आधी काढायची आणि कामे जूनपूर्वी दाखवायची अशी जी सवय पडली आहे, ती मोडण्याची आहे.

तिसरा खटका गच्चीवरचा. मार्च-एप्रिल हे वाळवणाचे दिवस. गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घातले जातात आणि त्यांची राखण करायला म्हाताऱ्या माणसांना किंवा पोरांना बसवले जाते. परीक्षा संपलेली मुले संध्याकाळी त्याच गच्चीवर क्रिकेट खेळतात. घारीची पिल्ले नेमकी तेव्हा मोठी झालेली असतात, आणि पिल्ले उडण्याच्या जितकी जवळ जातात तितके त्यांचे रक्षण आक्रमक होते, कारण आईबापांनी त्यांच्यावर तोवर बरेच कष्ट ओतलेले असतात. दिल्लीच्या अभ्यासात याला आणखी एक पदर निघाला: ज्या भागांत माणसांची वर्दळ, उघडा कचरा आणि मांस टाकण्याची प्रथा जास्त, तिथल्या घारी माणसावर अधिक जोराने धावून जातात. म्हणजे माणसाच्या ताटावर जगणारी घार माणसाला घाबरेनाशी होते. आपल्याकडे आईची माया सांगताना घारीचा दाखला देतात, तिचे सारे लक्ष घरट्यातल्या पिल्लांत असते म्हणून. तीच माया गच्चीवर आपल्या टाळूला लागली की आपण तिला हल्ला म्हणतो. असो. घार झडप घालते ती जवळजवळ नेहमी मागून आणि डोक्यावर. पकडण्याचा हेतू नसतो, ओरखडा काढून ती पुढे निघून जाते. तिच्याकडे तोंड करून उभे राहिले, उघडी छत्री धरली, टाकीवाल्याला हेल्मेट दिले, गच्चीचे दार सहा-सात आठवडे कामाशिवाय बंद ठेवले आणि वाळवण शेजारच्या विंगच्या गच्चीवर घातले, तर बहुतेक सोसायट्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

‘बहुतेक’ म्हटले, ‘सर्व’ नाही. दृष्टी अधू असलेल्या आजोबांना, जिना एकच असलेल्या घराला किंवा शाळेच्या मैदानाला लागून असलेल्या झाडाला हे उपाय पुरतीलच असे नाही, आणि टाळूवरची जखम किरकोळ असली तरी घाबरून पायरी चुकणे किरकोळ नसते. अशा वेळी लोक म्हणतात, घरटे उचलून दुसऱ्या झाडावर ठेवा. हा उपाय दिसतो तितका साधा नाही. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर श्रीमंतांच्या एका इमारतीवर ‘पेल मेल’ नावाने प्रसिद्ध झालेल्या लाल शेपटीच्या शिकारी पक्ष्याचे घरटे होते. खाली हाडे आणि पिसे पडतात म्हणून इमारतीच्या मंडळाने डिसेंबर २००४ मध्ये ते काढून टाकले. निदर्शने झाली, वर्तमानपत्रे तुटून पडली, आणि तीन आठवड्यांत त्याच जागी धातूचा आधार बसवून द्यावा लागला. जोडी परत आली, पण पुढची काही वर्षे त्या घरट्यातून एकही पिल्लू उडाले नाही. घरटे म्हणजे नुसत्या काटक्या असत्या तर हे झाले नसते. पिल्ले उचलून ‘वाचवण्याचा’ प्रकार त्याहून वाईट. उडायला शिकणारे पिल्लू दोन-चार दिवस जमिनीवर किंवा पत्र्यावर उतरते, आईबाप त्याला तिथेही भरवतात. आपण मात्र त्याला खोक्यात घालून दूध पाजतो, किंवा हाडे नसलेला खिमा देतो, आणि कॅल्शियमअभावी त्याची हाडे वाकतात. मांजर-कुत्र्यांपासून दूर, जवळच्याच उंच जागी ठेवून बाजूला होणे हे अशा पिल्लासाठी पुरेसे असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. घारी काय कमी आहेत? आंतरराष्ट्रीय यादीत घार ‘धोका नसलेली’ म्हणून नोंदलेली आहे. एक घरटे गेल्याने जगाचे काय बिघडते? या आक्षेपाला मुंबईतच उत्तर आहे. ज्या शहराच्या आभाळात घारींबरोबर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे घिरट्या घालत होती, मलबार हिलवरच्या डुंगरवाडीतली पारशी अंत्यविधीची व्यवस्था ज्यांच्यावर उभी होती, ती गिधाडेही एके काळी मोजायच्या पलीकडे होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे १९९२ ते २००७ या काळात भारतात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. विपुल आहे म्हणून सुरक्षित आहे, हा तर्क तेव्हा फसला. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालानेही मांस आणि मृत प्राणी खाणाऱ्या पक्ष्यांची घसरण इतरांपेक्षा अधिक असल्याचे दाखवले आहे. घारींवर तीच पाळी येईल असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण गिधाडे गेल्यावर शहरातले मेलेले उंदीर आणि आतडी-कोथळे उचलणारा मोठा पक्षी घारीशिवाय दुसरा कोण उरला आहे?

तिसरा आक्षेप विमानतळाचा. अंधेरीला खेटून देशातला एक अत्यंत वर्दळीचा विमानतळ आहे आणि इंजिनात शिरलेली घार ही चेष्टेची बाब नाही. पण यावरचा उपाय घरट्यात सापडणार नाही, तो कचऱ्यात आहे. विमान नियमावलीच्या ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापणे आणि कचरा टाकणे यांना मनाई केली आहे. त्या परिघात अंधेरी, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरचा मोठा भाग येतो, आणि तिथल्या कोणत्याही बाजाराच्या मागच्या गल्लीत त्या नियमाची काय अवस्था आहे ते नाकानेच कळते. घरटी काढून घारी कमी होत नाहीत. अन्न असेल तर जुनी जोडी किंवा नवी जोडी पुढच्या हिवाळ्यात त्याच बेचकीत येते.

राहिला तारखांनी न सुटणारा भाग. ज्या चार मजली वसाहतींच्या झाडांवर ही सारी बिऱ्हाडे आहेत, त्या वसाहती आज रिडेव्हलपमेंटला निघाल्या आहेत. तीस-चाळीस वर्षे गळक्या छपराखाली काढलेल्या कुटुंबाला लिफ्ट असलेले घर हवे, यात काही चूक नाही आणि शिक्र्यासाठी त्याने थांबावे असे म्हणणे क्रूर ठरेल. पण पार्किंगचा तळघराचा खड्डा प्लॉटच्या कडेपर्यंत खणला की झाड वाचत नाही, आणि बदल्यात लावलेल्या रोपाला घारीचे घरटे पेलण्याएवढी उंची यायला निदान दोन-तीन दशके लागतात. पुनर्रोपण केलेले झाड जगले तरी त्याचा माथा आधीच छाटलेला असतो. २०१८ च्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे भरली, पण घरट्याजोगी झाडे किती, हा त्याहून फार छोटा आणि वेगळा आकडा असतो. अशोकाची रांग मोजणीत भरते, तिच्यावर घार बसत नाही. आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन दिवसांत २,१४१ झाडे पाडली गेली तेव्हा रस्त्यावर माणसे उतरली. मुलुंड किंवा बोरिवलीच्या गल्ल्यांत एकेका प्लॉटमागे आठ-दहा वर्षावृक्ष जातात तेव्हा कोणी उतरत नाही, आणि एकूण बेरीज मात्र होतच राहते. वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळे संरक्षण दिले. ते या वसाहतींना नेमके लागू पडते, कारण इथली झाडे आता त्याच वयाची आहेत. आराखडा मंजूर करतानाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात तळघर न खणता जमीन मोकळी ठेवावी आणि तिथली दोन-तीन जुनी झाडे माथ्यासकट राहू द्यावीत, एवढी अट घातली तरी घारीला बेचकी राहील आणि रहिवाशांना सावली. अशी अट घालण्याची वेळ वृक्ष प्राधिकरणाकडे प्रस्ताव येतो तेव्हाची असते. पत्रे ठोकून झाल्यावर आणि पोकलेन आत आल्यावर घारीच्या घरट्याचा फोटो काढून पाठवणाऱ्या रहिवाशाला कोणताही अधिकारी फारशी मदत करू शकत नाही.